सहीपुरती जागा

माझ्या लग्नाबद्दल देशातल्या मोठमोठ्या माणसांनी मत दिलेलं आहे. ही बढाई नाही, तक्रार आहे. ज्यांचे फोटो पुढे शाळाशाळांतून लागले, त्यांतल्या काहींनी स्वतःच्या हातानं लिहून कळवलं होतं की चिखलीच्या अमक्या मुलीला उजवून टाकावी की शिकवावी. एकानं सोडून मला मात्र कुणी काही विचारलं नाही, आणि त्या एकानं विचारलं तेव्हा मला उत्तर येईना. त्यांची नावं मी इथे घालत नाही. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, माझी त्यात भर नको.

हे सगळं मामामुळे झालं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मराठी शाळेत मास्तर होता आणि आमच्याच घरी पुढच्या खोलीत राहायचा. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारलं की म्हणायचा, सवडच झाली नाही. सगळी सवड त्यानं सह्यांना दिली होती.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सरकार नागपूरला, आमचा कापूस मुंबईला आणि आमची बोली पुण्याच्या चेष्टेला, अशी आमची वाटणी झालेली होती. पुढारी फिरायचे ते रेल्वेच्या बाजूनं. मलकापूरला उतरायचे, खामगावला सभा घ्यायचे, आणि आमच्या चिखलीला क्वचित एखादी मोटार धूळ उडवत यायची. मामा त्या धुळीच्या मागे वही घेऊन धावायचा. पण धावून किती सह्या मिळणार? म्हणून त्यानं टपालाचा रस्ता धरला.

त्याची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि पाल्यात पत्रं. सगळ्यात तळाशी एक जुना मोडी कागद होता. वाण्यानं त्यात जिरं बांधून दिलं होतं आणि मामानं जिरं आईच्या पदरात ओतून कागद पळवला होता. नागपूरकडच्या कुणा जुन्या सरदाराचा तो हुकूम होता म्हणे. गंमत म्हणजे त्यावर सही नव्हतीच. त्या काळी नाव वरती घालायचे, खाली सही करायची चाल नव्हती. मामा तो कागद अधूनमधून काढून खालची कोरी जागा बघत बसायचा. मला वाटतं, त्याचं वेड त्या कोऱ्या जागेपासून सुरू झालं.

नुसती सही मागितली की चिटणिसाच्या हातचं 'आपले पत्र पावले' एवढंच यायचं. एकदा तर रबरी शिक्क्याची सही आली. ती ओळखायची मामाची रीत होती. कागद पालथा करायचा, डोळे मिटायचे आणि मागच्या अंगानं बोट फिरवायचं. टाकानं दाबून केलेली सही मागून हाताला लागते, शिक्क्याची लागत नाही. खोटी निघाली की त्या दिवशी मामा जेवताना बोलायचा नाही.

मग त्याच्या लक्षात आलं की मोठ्या माणसाला अडचण सांगितली तर तो स्वतः लिहितो. त्यानं कापसाच्या भावाबद्दल विचारून पाहिलं, त्याला उत्तर आलं की समिती नेमली आहे. मोडी लिपी शाळेत ठेवावी की काढावी हे विचारून पाहिलं, त्याचं उत्तरच आलं नाही. शेवटी त्याला मी सापडले. त्यानं लिहिलं: माझी भाची हुशार आहे, यंदा सातवीची फायनल पास होईल, गावात पुढची सोय नाही, अमरावतीच्या मुलींच्या हायस्कुलात घालावी असं मनात आहे, पण तिला स्थळही चांगलं चालून आलं आहे, तरी काय करावं? याच पत्राच्या पाच-सहा प्रती सुंदर अक्षरात काढून त्यानं वेगवेगळ्या पुढाऱ्यांना पाठवल्या.

यात मी हुशार आहे हे मामानं मला कधी तोंडावर सांगितलेलं नव्हतं. अमरावतीचा विषय घरात कधी निघाला नव्हता. आणि स्थळ तर आलेलंच नव्हतं.

शाळेच्या पत्त्यावर पुढाऱ्यांची पत्रं आली तर हेडमास्तर चिडतील, म्हणून मामानं बाबांच्या अडतीचा पत्ता दिला होता. इथे बाबांचं सांगायला हवं. चिखलीच्या बाजारात त्यांची अडत होती. खेड्यावरचा शेतकरी धान्य, कापूस घेऊन यायचा, व्यापारी घ्यायला उभा असायचा, आणि दोघांच्या मध्ये बाबा. बाबांचं सगळं शहाणपण त्या बाजारात तयार झालेलं. त्यांच्या लेखी तोंडानं बोललेलं म्हणजे वारा. चिठ्ठीवर सही झाली की सौदा झाला, मग आभाळ कोसळलं तरी तो मोडायचा नाही. शेतकरी संध्याकाळी गाडी जुंपून गावाला निघून गेलेला असला तर त्याच्या वतीनं बाबा सही करायचे. मालक हजर नसला तर अडत्याची सही चालते, हा तिथला रिवाज होता. त्या सहीवरून कधी तंटा झाल्याचं मी ऐकलं नाही.

तर पहिलं उत्तर या अडतीवर आलं, नागपूरहून. बाबांनी ते आपल्याच नावचं समजून फोडलं आणि चार माणसांत वाचलं. मुलगी हुशार असल्यास शिक्षण अर्धवट सोडू नये, अमरावतीस अवश्य पाठवावे, आणि खाली सही. बाजारात एकच बोलबाला झाला की अडत्याच्या पोरीसाठी नागपूरहून पत्र आलं. बाबा घरी आले ते नवी पत्र्याची ट्रंक घेऊनच.

मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. ट्रंक कुणाची म्हणून विचारलं तर म्हणाले, तुझी. मी अमरावतीला चालले आहे हे मला असं कळलं. आनंद झाला की भीती वाटली हे मला आजही नीट सांगता येत नाही. मलकापूरच्या पलीकडे मी जग पाहिलेलं नव्हतं. आईनं जुनी लुगडी काढली आणि बोर्डिंगात अंथरायला वाकळ शिवायला घेतली.

मामाला बाबांनी पत्र फोडल्याचा राग आला नाही. त्यानं कागद पालथा केला, बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा फुलला. मजकूर त्यानं वाचला की नाही कोण जाणे. "वळण पाहा," मला म्हणाला. मला वळण दिसत होतं, पण मी कुठे वळले आहे ते दिसत नव्हतं.

वाकळ अर्धी झाली आणि पुण्याचं उत्तर आलं. उत्तम स्थळ चालून आले असता दवडू नये, स्त्रीचे खरे विद्यालय तिचे घर होय. खाली लांबलचक, तोलदार सही. बाबा चक्रावले. मामाला त्यांनी विचारलं की कोणतं स्थळ? मामा पेटीत डोकं घालून म्हणाला, "येईल ना." बाबांना वाटलं, मास्तरला काही ठाऊक आहे, लाजून सांगत नाही. पुण्याच्या एवढ्या मोठ्या माणसानं सही करून लिहिलं आहे त्या अर्थी स्थळ कुठेतरी असणारच. त्यांनी बाजारात चौकशी केली, आणि चौकशी केली की स्थळ निघतंच. धामणगाव बढ्याचे एक व्यापारी कापूस घ्यायला आले होते, त्यांचा मुलगा लग्नाचा होता.

ते बघायला आले तेव्हा मला फार राग आलेला होता. तोंड फुगवूनच मी चहा नेला. पण मुलाची आई काही वेगळीच निघाली. तिनं मला चालून दाखव म्हटलं नाही, शिवण पाहिलं नाही. आपल्या मळ्यातल्या वालाच्या शेंगा तिनं फडक्यात बांधून आणल्या होत्या, त्या माझ्या पुढ्यात सोडल्या आणि माझ्याबरोबर निवडत बसली. म्हणाली, त्यांच्याकडे दमणी आहे, बैल पळणारे आहेत, माहेरी जावंसं वाटलं की जुंपायची. दमणी म्हणजे बैलांची हलकी, वर छप्पर घातलेली गाडी. लहानपणापासून माझा त्या गाडीवर जीव होता. ती बाई गेली आणि मी धामणगावचा विचार करू लागले. ट्रंक कोपऱ्यात होती, तिचाही विचार सुटत नव्हता. मला वाटलं, ट्रंक दमणीत ठेवून कुठेतरी निघून जावं, म्हणजे दोन्ही होईल.

आई वाकळ शिवतच होती. वाकळ तीच, फक्त जायचं गाव बदललं होतं.

मग मुंबईचं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की आधी विवाह करावा आणि पतीच्या संमतीने शिक्षण पुढे चालू ठेवावे. सही इंग्रजी, मजकूर कसाबसा मराठी. बाबा तिन्ही पत्रं पुढ्यात मांडून ओसरीवर बसले. सौदा मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं आणि इथे सौद्यावर सौदे होऊन बसले होते. म्हणाले, "एका मालाचे तीन सौदे झाले. असं बाजारात कोणी केलं असतं तं त्याले वेशीबाहेर काढलं असतं." मला माल म्हटल्याचं मला वाईट वाटलं. पण त्यांचा चेहरा इतका गोंधळलेला होता की भांडावंसं वाटेना.

चौथं पत्र उर्दूत होतं. अडतीच्या शेजारी गोणपाट आणि दोरखंड विकणारे एक चाचा होते, बाबांचे जुने मित्र. बाबांनी त्यांना घरी बोलावलं. चाचांनी चष्मा पुसला, पत्र मनातल्या मनात वाचलं आणि हसायला लागले. बाबांनी विचारलं, शाळा का लग्न? चाचा म्हणाले, "दोन्ही नाही भाऊ. लिवलंय, पोरीच्या मायले विचारा."

सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आई चुलीपुढे बसली होती. बाबांनी खरोखर विचारलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांनी आईला असं चारचौघांत काही विचारल्याचं मी पाहिलं नव्हतं. आईनं तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, "मले काय विचारता? मी या घरी आली तवा मले कोणी विचारलं होतं?" मग तिनं चाचांना जेवूनच जा म्हणून सांगितलं. चाचा जेवले, पत्राचा विषय कुणी काढला नाही.

मामाची पेटी मात्र भरत होती. चार अस्सल सह्या, चार वळणांच्या. त्या दिवसांत त्याच्यासारखा सुखी माणूस चिखलीत नव्हता. मी एकदा त्याच्या खोलीत जाऊन फार तोंड सोडलं. म्हटलं, तू माझ्या जिवाचा बाजार मांडलास आणि सह्यांचं वळण बघत बसलास. तो घाबरला. म्हणाला, अगं, मला वाटलं तूही मजा बघशील. मला मजा वाटत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला नुसता रागही येत नव्हता, कारण त्यानं ते पत्र लिहिलं नसतं तर मला ट्रंकही मिळाली नसती. राग धरावा की उपकार मानावेत, हे ठरेना म्हणून मी दार आपटून बाहेर आले.

धामणगावहून निरोप यायला लागले की सुपारी कधी फोडायची. बाबा आज सांगतो, उद्या सांगतो करत होते. त्यांनी तोंडी होकार दिलेला होता.

अशात पाचवं पत्र आलं. मामाला ज्यांची सही सगळ्यात जास्त हवी होती, त्या म्हाताऱ्या पुढाऱ्यांचं. ते लांब कुठल्याशा खेड्यात आश्रम करून राहायचे, कमी बोलायचे आणि सही तर जवळजवळ करायचेच नाहीत. मामानं लिफाफा कात्रीनं कापला, कागद काढला आणि मटकन खाली बसला. हस्ताक्षर त्यांचंच होतं, पण सही नव्हती.

पत्र छोटं होतं. मुलीची हुशारी, शाळा व स्थळ हे सर्व आपण लिहिले. मुलीचे म्हणणे लिहिले नाही. ते तिने याच कागदावर स्वतःच्या हाताने लिहावे व कागद परत पाठवावा. खाली सहीपुरती जागा सोडली आहे. तिचे लिहिणे वाचून मला पटल्यास सही करीन.

त्याखाली माझ्यासाठी मोकळी जागा होती, आणि अगदी तळाशी उजव्या कोपऱ्यात दोन बोटं रुंद आणखी एक.

मामा रडकुंडीला आला. बाबांना मात्र हे पत्र फार आवडलं. ते म्हणाले की बाकीच्यांनी माल न पाहता सही ठोकली, हा एकच माणूस आहे ज्यानं आधी माल पाहायला मागितला. आता या कागदावर सही होईल तो खरा सौदा, आधीचे सगळे कच्चे. धामणगावलाही त्यांनी तसंच कळवलं की एक मोठं उत्तर यायचं आहे, तोवर थांबा. म्हणजे आता सगळं माझ्या अक्षरावर येऊन ठेपलं. तिथं मी शाळा लिहिलं तर अमरावती, लग्न लिहिलं तर धामणगाव.

मामा म्हणाला, असं झकास लिही की त्यांना सही करावीच लागेल. त्यानं मजकूरही सांगितला, त्यात मातृभूमी आणि ज्ञानाचा दिवा वगैरे होतं. आई म्हणाली, लिहून काय होते. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मले नको विचारू. मी सांगतलं तं ते माहं होईल."

दुपारी जेवणं झाल्यावर मी दौत, टाक आणि तो कागद घेऊन धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर गेले. कडुलिंबाच्या फांदीची सावली धाब्याच्या एका कोपऱ्यावर पडायची, तिथे बसले. खाली बाजाराचा आवाज येत होता.

मला वाटलं होतं, विचारण्याचाच काय तो उशीर, आपल्याला काय हवं ते आपल्याला ठाऊक असणारच. तर तसं काही नव्हतं. शिकायचं आहे असं मनात म्हटलं की नागपूरच्या पत्रातलं वाक्य ऐकू यायचं. लग्न करायचं आहे म्हटलं की पुण्याचं. दोन्ही म्हटलं की मुंबईचं. कुणीतरी आधीच सही करून ठेवलेलं नाही, असं एकही वाक्य मला सापडेना. मग मी नुसत्या वस्तू आठवून पाहिल्या. ट्रंकेचा वास नवा होता, रंगाचा, तो मला आवडायचा. दमणीचे घुंगरू मला आवडायचे. ती शेंगा निवडणारी बाई आवडायची. तिचा मुलगा कसा होता ते आठवेना, मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. अमरावतीचं बोर्डिंग डोळ्यांपुढे आणायला गेले तर दिसेना, कारण मी ते पाहिलं नव्हतं. जे पाहिलंच नाही त्यातलं काय हवं हे मी कसं सांगणार होते? इतके दिवस मला कुणी विचारत नाही म्हणून मी धुसफुसत होते, आणि आता एवढा मोठा माणूस विचारतो आहे तर माझ्याजवळ देण्यासारखं काहीच नाही. मला स्वतःची लाज वाटली, आणि मी रडले. रडताना कागद मात्र दूर धरला होता, नाहीतर मामानं मला जिवंत ठेवलं नसतं.

शेवटी ऊन माझ्यापर्यंत आलं आणि उठायची वेळ झाली तेव्हा मी जे खरं होतं ते लिहिलं.

मला काय पाहिजे ते मला समजत नाही. समजेपर्यंत शिकू द्यावे.

मामानं ते वाचून कपाळावर हात मारला. हुशार म्हणून लिहिलं होतं मी तुला, म्हणाला, आणि तू लिहितेस समजत नाही. असल्या कागदावर कोण सही करील? बाबांनी कागद हातात घेतला. ओठ हलवत वाचला, परत वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो स्वतः टपालात टाकला.

मग वाट पाहणं सुरू झालं. टपालवाला अडतीकडे वळला की बाबा माप तसंच सोडून उठायचे. धामणगावकरांनी आता स्पष्ट सांगितलं की लगीनसराई सरत आली आहे, सुपारी फुटत नसेल तर ते दुसरीकडे बघतील. अमरावतीची शाळाही थोड्या दिवसांत उघडणार होती. मी फायनल पास झाले होते. वाकळ शिवून तयार होती.

आणि एका दुपारी आमचंच पाकीट परत आलं. वर टपालखात्यानं शेरा मारला होता: घेणारा हजर नाही. मामानं वर्तमानपत्र धुंडाळलं तेव्हा उलगडा झाला. म्हाताऱ्याला सरकारनं धरून नेलं होतं. कुठे ठेवलं, किती दिवस, काही कळायला मार्ग नव्हता.

मामा म्हणाला, हरकत नाही, सुटले की पुन्हा पाठवू. तो कागदाची घडी घालून पेटीत ठेवायला निघाला. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभी होते. मला एकदम कळलं की ते सुटेपर्यंत मी धामणगावला नांदत असेन. मन मोकळं व्हायला हवं होतं, चला, एकदाचं ठरलं म्हणून. तसं झालं नाही. माझं लिहिणं त्या माणसानं वाचलंच नाही, या एका गोष्टीचं मला इतकं दुःख झालं की मी खांब धरला.

बाबा माझ्याकडे पाहत होते. त्यांनी मामाच्या हातून कागद घेतला, कोनाड्यातला आपला टाक आणि दौत काढली, पाटावर बसले आणि गुडघ्यावर फळी घेऊन कागद तिच्यावर पसरला. मामाच्या लक्षात येईपर्यंत त्यांनी त्या दोन बोटं रुंद जागेत सही केली. मोडीत, सौद्याच्या चिठ्ठीवर करायचे तशी.

मामा ओरडलाच. "भाऊजी, ही जागा त्यांची होती."

"जागा त्याईची," बाबा म्हणाले, "लेक माही. मालक हजर नसला तं अडत्याची सही चालते."

त्यांनी शाईवर चिमूटभर राख टाकली, फुंकली आणि कागद मामाच्या हातात दिला. त्याच्या पेटीतली सगळ्यात मोठी जागा कायमची भरून गेली होती, आणि ती एका अडत्यानं भरली होती. त्यानं कागद पालथा केला आणि सवयीनं बोट फिरवलं. मग हळूच पेटीत ठेवला. आठवडाभर तो बाबांशी बोलला नाही.

बाबा दुसऱ्याच दिवशी धामणगावला गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. आईनं विचारलं की काय म्हणाले ते लोक. बाबा म्हणाले, विचारत होते की शब्द दिला होता त्याचं काय. मी म्हटलं, तोंडी होतं, सही नव्हती. हे त्यांना स्वतःलाच पटलं नव्हतं, ते त्यांच्या पाणी पिण्यावरून कळत होतं. मग त्यांनी खांद्यावरच्या पंच्याची गाठ सोडली. आत वालाच्या शेंगा होत्या. त्या बाईनं माझ्यासाठी दिल्या होत्या. मला हवं तेच झालं होतं, निदान मी लिहिलं तेच झालं होतं, आणि मी त्या शेंगा पाहून हमसून हमसून रडले. आईनं विचारलं, काऊन रडून राह्यली? मी शेंगा निवडायला घेतल्या.

खामगावच्या मोटारीवर मला पोचवायला बाबा आले. ट्रंक टपावर चढवली, वाकळ माझ्या मांडीवर दिली. मोटार सुटायच्या आधी खिडकीजवळ येऊन म्हणाले, "समजलं म्हंजे एक कार्ड टाकजो." मी मान हलवली.

अमरावतीहून मी बाबांना खूप कार्डं टाकली. बोर्डिंगातल्या भाजीबद्दल, भूमितीबद्दल, मुली माझ्या बोलण्याला हसतात त्याबद्दल. ते एक कार्ड तेवढं टाकायचं राहिलं. सुट्टीत घरी आले की बाबा जेवताना विचारायचे, "समजलं काय?" मी नाही म्हणायची. "मंग जाय परत," एवढं बोलून ते भाकर मोडायचे. मी मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले, शिकवायला लागले. पुढे लग्न केलं, तेव्हा त्यांनी मांडवात कानाशी येऊन तेच विचारलं. नवऱ्याला वाटलं काहीतरी देण्याघेण्याचं आहे.

मामा गेल्यावर त्याची पेटी माझ्याकडे आली. त्या म्हाताऱ्या पुढाऱ्यांची सही त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही. तो कागद कधीमधी मी काढते आणि पालथा करून बोट फिरवते. बाबांनी टाक फार दाबला होता. मागून ती सही अजून हाताला लागते.

शेवटच्या दुखण्यात बाबांना माणसं नीट ओळखू येत नव्हती. मी उशाशी बसून चमच्यानं पेज भरवत होते. माझे केस तेव्हा पिकायला लागले होते. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "समजलं काय?"

मी म्हटलं, "नाही बाबा, अजून नाही."

"बरं हाये," ते म्हणाले. "मंग सौदा चालू हाये."